रिकाम्या सीटचा पट्टा

खरं सांगतोय. खोटं सांगून मला काय मिळणार? मिळवायचं होतं ते दाजींना, म्हणून आधी तोच हिशेब मांडतो.

दाजी म्हणजे माझ्या ताईचे यजमान. गोदामात फोर्कलिफ्ट चालवायचे. सीटचा पट्टा लावायला चार सेकंद. एका पाळीत साठ वेळा चढ-उतार. पट्टा टाळला की दिवसाला चार मिनिटं वाचली.

एक चहा. बस्स.

पट्टा न लावता मशीन सुरू केलं की ते केकाटतं. म्हणून दाजी पट्टा आधीच सीटवर अडकवून ठेवायचे आणि त्याच्यावर बसायचे. मशीन गप्प.

त्याच गोदामात रोजचा तपासणीचा तक्ता मी भरतो.

“दाजी, पट्टा.”

“लावलाय की, मेहुणे. मीच तेवढा बाहेर आहे.”

मी हसायचो. ‘पट्टा लावला’ या रकान्यात बरोबरची खूण करायचो.

एका सोमवारी, उतारावर, माल वर उचललेला असताना त्यांनी वळण घेतलं. मशीन कलंडलं. पट्ट्यात असते तर आतच राहिले असते. त्यांनी उडी मारली, आणि मशीनच्या छताचा लोखंडी सांगाडा त्यांच्यावरच आला.

पट्टा लावलेलाच होता... रिकामा.

महिन्याभराने मशीन दुरुस्त होऊन आलं. दुपारचा सव्वा वाजलेला. सगळे जेवायला गेलेले. किल्ली माझ्या खिशात. मी तक्ता भरत होतो.

खट्...

वळून पाहिलं. सीटवर कोणी नाही. पट्टा लावलेला.

पण सीटवर पडलेला नव्हता. हवेत, पुढे फुगलेला. भरल्या पोटाभोवती असावा तसा.

मग तो किंचित आत गेला...

पुढे आला.

पुन्हा आत.

मी ओरडलो नाही. खरं तर काही वाटलंच नाही. तक्त्यात खूण केली. त्या रकान्यातली माझी पहिली खरी खूण.

आता ते मशीन एक बाई चालवतात. परवा त्यांनी विचारलं, “अहो, सकाळी माझ्या आधी कोण बसतं इथे? सीट गरम असते.”

“कोणी नाही.”

“मग उतरताना हा पट्टा सुटत का नाही लवकर? कोणी धरून ठेवल्यासारखा.”

मी म्हटलं, “तेल घालायला सांगतो.”

दाजींचा जीव गेला. ताईची झोप गेली. आमच्या सुपरवायझरची नोकरी गेली.

खुणा करणाऱ्याचं अजून काहीच गेलेलं नाही.