काकवीचं कवच

"काकवी फासून वाळूत लोळलो, की मग मी पण अमीबाच की," बंडूकाका म्हणाले आणि चहाचा कट्टा खो खो हसला.

या गावात आता ऊस यंत्रं तोडायची, भाजी ड्रोननं यायची. पैजा मात्र अजून कट्ट्यावरच लागायच्या. काकांच्या शेजारी राहणाऱ्या जुई मगदूमनं सहज सांगितलं होतं, की नदीनं वाट बदलताना मागे सोडलेल्या डोहात कवचधारी अमीबा (अंगाभोवती घर बांधणारे एकपेशीय जीव) राहतात, काही तर वाळूचे कण चिकटवून घर करतात. आणि कवच बघून पाणी डोहातल्या कुठल्या जागेचं, हे आपला भिंगोबा सांगतो.

भिंगोबा म्हणजे रोबो. मोटार वाइंडिंग (जळालेल्या मोटारीत नवी तार गुंडाळणं) करणारी जुईची आई आणि जुई, दोघींनी वर्षभर खपून बनवलेला. त्याच्या एका डोळ्यात सूक्ष्मदर्शक (बारीक वस्तू मोठी दाखवणारं यंत्र) होता.

"लागली पैज," काका म्हणाले. "तीन बाटल्या आणतो. एक डोहाच्या मधलं पाणी, एक केंदाळाच्या (पाण्यावर तरंगणाऱ्या जलपर्णीच्या) मुळ्या धुतलेलं, एक तळाच्या गाळाचं. वळखलंस तर शनिवारच्या बाजारात काकवी-वाळू लावून फिरतो. चुकलीस तर तुझा भिंगोबा सुगीपर्यंत माझ्या जोंधळ्यात पाखरं हाकणार."

सगळा कट्टा जुईकडे बघत होता. ती म्हणाली, "चालतंय."

दुसऱ्या दिवशी कट्ट्यावर बाटल्या आल्या. काकांचा लेंगा नेहमीसारखा पांढराशुभ्र.

पहिलीचा थेंब भिंगाखाली गेला. भिंगोबानं भिंतीवर चित्र पाडलं. गोल, हलकी, फुग्यासारखी कवचं.

"उघड्या पाण्यात तरंगायचं तर ओझं परवडत नाही," भिंगोबा म्हणाला. "हे मधलं पाणी."

दुसरीत बसक्या, तपकिरी टोप्यांसारखी कवचं. मुळ्यांना बिलगून राहायला बसकं घर बरं, म्हणजे हे केंदाळाचं.

"चार गोल पण दिसत्यात की," काकांनी खोडा घातला.

"हे पूरमैदान (पुराचं पाणी पसरतं ती सपाट जमीन) आहे, काका," जुई म्हणाली. "पुरात सगळं पाणी एक होतं, थोडे इकडचे तिकडे जाणारच. जास्त कोण, ते बघायचं."

तिसरीच्या बुडाला वाळू होती. भिंगोबा लगेच बोलला, "दोन झाल्या, उरला तळ. शिवाय वाळू आहे. तिसरी तळाची."

काका मिशीत हसले. "ठरलं? हेच उत्तर?"

ते हसू जुईला खटकलं. "थांब भिंगोबा. उरलं म्हणून नको सांगूस. दाखव."

भिंतीवर वाळूचे कण आले. सुटे, टोकदार. आणि त्यांच्यामध्ये पुन्हा त्याच तपकिरी टोप्या.

जुईनं भिंतीजवळ जाऊन एकेक टोपी न्याहाळली. मग म्हणाली, "वाळू आहे, पण तिचं घर कुणीच बांधलेलं नाही. तळाला लांबट, वाळूनं मढवलेली जड कवचं हवीत. तिथं तरंगायचं नसतं, आणि सामान पायाशीच असतं. इथं एक पण नाही. काका, हे पण केंदाळाचंच पाणी. वाळू वरनं टाकलीय."

सगळ्यांचे डोळे काकांच्या लेंग्याकडे वळले. गाळात उतरलेल्या माणसाच्या लेंग्यावर एक डाग नाही?

काकांनी कान खाजवला. "गुडघाभर चिखल हाय तिथं. दारातल्या बांधकामाची मूठभर वाळू घातली. धरलंस गं पोरी."

"माझं चुकलं, ताई," भिंगोबा म्हणाला. "मी वाळू पाहिली, घर नाही."

शनिवारी बाजार भरला आणि बंडूकाका आले. डोक्यापासून पायापर्यंत काकवी, वर तीच दारातली वाळू. कांदेवालीनं तराजू खाली ठेवला. पोरांची मिरवणूक मागं लागली.

"पुढच्या पुरानंतर आपण नदीकाठचे सगळे डोह तपासू," जुई त्यांच्या बाजूनं चालत म्हणाली. "कुठल्या तळाला जीव आहे, कुठला घुसमटलाय, कवचंच सांगतील. तुम्ही येणार ना?"

"येतो. पण चिखलात तू उतरायचंस."

एवढ्यात कुणाची तरी शेळी आली आणि काकांचं कोपर चाटायला लागली.

"ए, हाकला हिला," काका ओरडले. "घर खातीय माझं."

भिंगोबा लगेच पुढे सरसावला आणि जोंधळ्यातली पाखरं हाकावीत तसे हात हलवू लागला.