उजव्या बाजूच्या रेघा

पाडलेल्या घरांच्या वस्तू आमच्या संग्रहालयात येतात. त्यांची नोंद करणं माझं काम. लांबी, रुंदी, कुणी दिली, कधी दिली.

रस्ता रुंद करताना गेलेल्या आपल्या घराच्या दाराची चौकट एका मास्तरीणबाईंनी दिली. सत्तरी उलटलेल्या, ताठ. चौकटीवर पेन्सिलीच्या रेघा होत्या. डावीकडे त्यांच्या उंचीच्या, उजवीकडे धाकट्या भावाच्या. दर वाढदिवसाला वडील दोघांना तिथे उभं करायचे, रेघ मारून शेजारी वयाचा आकडा लिहायचे, डावीकडे कललेला. सातव्या वाढदिवसानंतर भाऊ तापानं गेला. उजवीकडे सात रेघा, मी लिहून ठेवलं.

चौकट तळमजल्यावरच्या दालनात भिंतीला ठोकली. सोमवारी आम्हाला सुट्टी असते. मंगळवारी पाहिलं, तर रेघा आठ.

मी आधी शाळेच्या सहलीवर संशय घेतला. मग सुतारकाकांना विचारलं. ते म्हणाले, लाकूड फुगतं, रेघा फुगत नाहीत. त्यांनी वर काच बसवली, स्क्रूंवर रंग मारला. पुढच्या मंगळवारी रंग शाबूत होता आणि काचेमागे नववी रेघ होती. शेजारी आकडा, तसाच डावीकडे कललेला.

साहेब म्हणाले, घासून पॉलिश करून टाका. मला राहवलं नाही. मी मास्तरीणबाईंना बोलावून घेतलं.

त्यांनी चष्मा लावला, बराच वेळ पाहिलं.

"बाबांचं अक्षर," त्या म्हणाल्या.

पुसायचं का, मी विचारलं.

"नको गं. इतकी वर्षं मी एकटीच मोठी होत आलेय."

साहेबांशी भांडून मी ते पॉलिश थांबवलं. खरं सांगायचं तर पुढचे काही मंगळवार मी आनंदानं मोजले. पोरगं दहाचं झालं, बाराचं झालं. सोळाव्या रेघेला त्यानं मला मागे टाकलं. मी फोन करून कळवायची, बाई हसायच्या.

अठरानंतर रेघा थांबतील असं वाटलं होतं. थांबल्या नाहीत. तेवढंच अंतर, दर आठवड्याला.

तेविसावी रेघ लाकडावर मावली नाही. ती वरच्या भिंतीवर होती.

मी बाईंना फोन केला. त्या हळूच म्हणाल्या, "मोठं होणं कुठे थांबतं, हे त्याला कुणी सांगितलंच नाही."

त्यानंतर त्यांनी माझा फोन उचलला नाही.

मी शिडी लावून मोजत राहिले. आठ फूट. दहा. वर्ष सरत आलं तेव्हा रेघ छताला टेकली. त्यानंतरचे तीन मंगळवार भिंतीवर नवीन काही नव्हतं. सुटलो, असं सुतारकाका म्हणाले.

त्या छताच्या वर माझी खोली आहे.

आज सकाळी मी कुलूप काढून आत आले, टेबलाशी बसले. पेन खाली पडलं म्हणून वाकले.

खुर्चीशेजारच्या भिंतीवर, जमिनीपासून चार बोटं वर, रेघ होती.

मी बोट लावलं. शिसं बोटाला लागलं.

शेजारी आकडा नव्हता. रेघ अजून अर्धीच होती.