काळ्या दगडापर्यंत झेंडू

खोटं सांगत असेन तर जीभ झडो. एवोदिओ माझा सख्खा मामेभाऊ, आणि त्याला थापा मारता येत नाहीत.

गेल्या मृतांच्या सणाची गोष्ट. त्या दोन दिवसांत मेलेली माणसं घरी जेवायला येतात, पहिल्या दिवशी मुलं, दुसऱ्या दिवशी मोठी. गाव आमचं, मेक्सिकोतलं आंगावान. पलीकडे पारिकुटिनचा ज्वालामुखी.

हा डोंगर एवोदिओच्या आईपेक्षाही वयानं लहान. ती पोर असताना एका मक्याच्या शेताला भेग पडली, धूर निघाला आणि वर्षभरात डोंगर उभा राहिला. लाव्ह्यानं तिचं गाव गिळलं. वर उरला चर्चचा मनोरा. तो बघायला लांबून लोक येतात, आणि एवोदिओ त्यांना घोड्यावरून नेतो.

त्याच लाव्ह्याखाली तिच्या बहिणीचं थडगं आहे. लुपे. चिमुरडीच होती.

दरवर्षी मुलांच्या दिवशी एवोदिओची आई अंदाजानं एका काळ्या दगडावर गोड पाव ठेवायची. म्हणायची, "मी नाही गेले तर पोर उपाशी राहील रे."

त्या वर्षीच्या मार्चमध्ये आईच गेली.

"अहो, लुपेमावशीचा पाव?" एवोदिओच्या बायकोनं, तोमासानं आठवण करून दिली.

"आज गिऱ्हाइकांची झुंबड आहे गं. उद्या मोठ्यांचा दिवस, आई येईल, तेव्हा बघू. मेलेल्यांना कसली घाई!"

"जीभ आवरा. सासूबाई ऐकतील."

संध्याकाळी शेवटचं गिऱ्हाईक सोडून तो घोडीवरून परतत होता. काळ्या दगडापाशी ती अडली.

टाच मारली. हलेना.

मग ऐकू आलं... दगडांच्या खालून...

रडून रडून दमलेल्या पोराचे हुंदके.

"वारा आहे," तो घोडीला म्हणाला. तिला पटलं नाही. त्यालाही नाही.

दुसऱ्या दिवशी आईला घर सापडावं म्हणून त्यानं फाटकापासून आईच्या फोटोपर्यंत झेंडूच्या पाकळ्यांची वाट घातली. तिच्या आवडीचं सगळं मांडलं, गोड पावही. फार आठवण येत होती हो त्याला. डोळ्यांत प्राण आणून बसला होता.

दुपारी फाटक करकरलं...

कोणी नव्हतं. पण आईच्या चपलांचा फरफटता आवाज फोटोपर्यंत आला...

"आई?"

पावलं थांबलीच नाहीत. आली तशी परत फिरली.

फोटोपुढचा पाव गायब होता.

फाटकाबाहेर पाकळ्या पडल्या होत्या. त्यानं टाकल्या नव्हत्या. तो त्यांच्यामागे गेला. रस्ता... रान... मग लाव्हा.

पाकळ्या काळ्या दगडापाशी संपल्या.

दगडावर अर्धा पाव होता. त्यावर इवल्याशा दातांची खूण.

खालून हुंदके येत नव्हते. कोणीतरी अंगाई म्हणत होतं... हलक्या आवाजात.

ती अंगाई एवोदिओला पाठ आहे. तिच्यावरच तो वाढला.

"आई, मी आलोय गं," तो दगडावर हात ठेवून म्हणाला.

अंगाई थांबली.

आणि खालून आईचा आवाज आला, अगदी दबका...

"श्शऽऽ. आत्ताच झोपलीय."

यंदाचा सण जवळ आलाय. लुपेचा पाव त्यानं आधीच सांगून ठेवलाय. घरी पाकळ्यांची वाट घालायची की नाही, हे तोमासा विचारते. "आई इकडे आली, तर लुपेला निजवणार कोण?" तो म्हणतो.