परत न आलेली मेल

कचेरीतून बाहेर जाणारी प्रत्येक मेल तिच्या गेटवेतून जायची, म्हणून सगळे तिला पोस्टमास्तरीण म्हणत. कुणाची मेल गेली, कुणाची रांगेत अडकली, कुठली समोरच्या सर्व्हरनं नाकारली, हे ती चहा पिता पिता सांगायची. मजकूर मात्र कधी उघडायची नाही. दुसऱ्याच्या पत्रात नाक खुपसायचं नाही, हा तिचा नेम.

आणखी एक नेम होता. गेटवेच्या सेटिंगमध्ये काही बदललं की ती दोन चाचणी मेल सोडायची. एक स्वतःच्या खासगी पत्त्यावर. ती पोचलीच पाहिजे. दुसरी धाकट्या भावाच्या पत्त्यावर. ती परत आलीच पाहिजे. भाऊ चार वर्षांपूर्वी अपघातात गेला होता, ओळख पटवायला तीच गेली होती. त्याला मेलचा पत्ता देणारी कंपनीही पुढे बंद पडली. चाचणीला असा बंद पत्ता बरा, असं ती लोकांना सांगायची. खरं तर त्याचं नाव टाईप करायला मिळायचं, एवढंच.

त्या दिवशी जेवणानंतर तिनं मेलच्या आकाराची मर्यादा वाढवली आणि दोन्ही मेल सोडल्या. पहिली पोचली. दुसरीपुढे लॉगमध्ये ओळ उमटली: समोरच्या सर्व्हरनं स्वीकारली.

कुठला समोरचा सर्व्हर? तिनं शोधलं. त्या नावाचा सर्व्हर जगात कुठेच नव्हता.

तिचा संशय गेला हाताखालच्या दाढीवाल्या पोरावर. गेटवेचा पासवर्ड तिच्याखेरीज फक्त त्याच्याकडे, आणि थट्टेची खोड अशी की एकदा त्यानं साहेबांच्या नावानं सगळ्यांना सुट्टी जाहीर केली होती.

"हा तुझा उद्योग ना?"

"कसला उद्योग? मॅडम, सकाळपासून प्रिंटरशी झटापट चाललीये. हात बघा."

हात शाईनं बरबटलेले होते. तरी तिनं पासवर्ड बदलला. चोर सोडून संन्याशाला फाशी झाली तर होऊ दे, असा तिचा राग होता.

दहा मिनिटांनी रांगेत त्याच पत्त्यावर निघालेली आणखी एक मेल दिसली. पाठवणारी तिची आई. आई खालच्या मजल्यावर नोंदणी विभागात होती, निवृत्तीला सहा महिने उरले होते.

तिनं मेल रोखून धरली. मग आयुष्यात पहिल्यांदा नेम मोडला.

'राजा, आपण घर बदललं रे. नवा पत्ता खाली देते. ये.'

खाली पूर्ण पत्ता होता, मजल्यासकट.

कुणीतरी आईच्या दुःखाशी खेळत होतं, आणि त्याला घराचा पत्ता हवा होता. तिच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. तिनं आत आलेल्या मेल तपासल्या. त्या पत्त्यावरून आईला एकही आलेली नव्हती. महिनाभराच्या नोंदी चाळल्या. तिथंही काही नाही.

तिनं आईची मेल पुसून टाकली, भावाचा तो मेलचा पत्ता गेटवेवर कायमचा बंद केला, लॉग तीनदा वाचला. घराचा पत्ता बाहेर गेला नव्हता. तेवढी खात्री करून ती खाली गेली.

आईनं फाईली बाजूला सारल्या होत्या. तिचा चेहरा इतका खुललेला तिनं चार वर्षांत पाहिला नव्हता.

"आई, तुला कुणी लिहिलं?"

"सकाळपासून लिहितोय. घर कुठंय विचारत होता."

तिनं पडद्याकडे पाहिलं. आईचा मेलबॉक्स रिकामा होता.

"तू माझं पत्र अडवलंस ना?" आई हसली. "सांगितलं त्यानं."

"आई, तो नाहीये गं. मी पाहिलंय त्याला."

"बरं बाई, नसू दे." आईनं संगणक बंद केला, पर्स खांद्याला लावली. "चल, निघूया. पत्ता आता नकोच म्हणाला. ताई घरी निघाली की तिच्या मागोमाग येतो म्हणाला."