कुलूप उघडलं का?

रविवार, सकाळी नऊ वाजून चाळीस मिनिटं. देवझरीच्या रुग्णालयात तापाचा एकसष्टावा रुग्ण दाखल झाला. सुनंदा पेडणेकर, वय अडतीस, आशा सेविका. दोन आठवडे ती तोंडाला साधी ओढणी बांधून घरोघरी गोळ्या वाटत होती.

तिच्या मुलीला, सहावीतल्या चैतालीला, कुणी आत सोडलं नाही. ती तडक नाल्याकाठच्या पंपघरात गेली. तिथे तिचे आजोबा, म्हणजे सुनंदाचे वडील, आणि त्यांनी बनवलेला यंत्रमानव होता. तो सांडपाणी तपासायचा, म्हणून मुलं त्याला गटारू म्हणत.

"इतकं घाण पाणी हुंगतोस, तुला हा आजार कळला नाही होय रे?" ती कडाडली.

"कळला," गटारू म्हणाला. "वीस दिवसांपूर्वी, सोमवारी, अकरा वाजून चार मिनिटांनी. आरोग्य कार्यालयाला सूचना दिली. पोच मिळाली."

"आजोबा, मग कुणी काहीच कसं केलं नाही?"

आजोबांनी चष्मा काढून ठेवला. "विषाणू (जिवंत पेशीत शिरूनच वाढणारा अतिसूक्ष्म रोगकारक) ताप चढण्याआधीच सांडपाण्यात उतरतो. त्या सोमवारी आजारी असतील जेमतेम दोघं. याचा दुपटीचा काळ (रुग्णसंख्या दुप्पट व्हायला लागणारा वेळ) चार दिवस. मोज बघू."

चैतालीने एकेक बोट मिटलं. "चार, आठ, सोळा, बत्तीस, चौसष्ट." पाचव्या बोटावर मूठ वळली. वीस दिवस.

"तो महिन्याचा पहिला सोमवार होता," आजोबा सांगू लागले. "त्या दिवशी अकराला साथीचा सराव असतो. सगळ्यांना आधीच ठाऊक. सूचना आली की सही करायची, शेरा मारायचा, चहा घ्यायचा. गटारूची सूचना त्यातच आली. त्यांना वाटलं, तीही सरावाचीच."

"दोन्हींत फरक नव्हता?"

"शब्द अगदी सारखेच ठेवा, हात बसेल, असं मीच सांगितलं होतं. सही एका मिनिटात झाली. मी तिथेच होतो गं. टाळ्या वाजवल्या मी."



"पुन्हा का नाही सांगितलंस?" चैतालीने गटारूला विचारलं.

"पोच आल्यावर सूचना बंद करायची, असा नियम आहे."

"सही म्हणजे तयारी थोडीच! आईला मास्क कुठे मिळाला? मास्कच्या कोठाराला कुलूपच आहे अजून!"

आजोबांनी मान वर केली. मग त्यांनी गटारूची पाठ उघडली आणि नियम बदलला. आता सहीने सूचना थांबणार नव्हती. सराव असो वा खरी साथ, कोठाराचं कुलूप उघडल्याची खूण मिळेपर्यंत गटारू दर दहा मिनिटांनी विचारत राहणार होता.

"आईला याचा काय उपयोग?"

"तिला नाही," आजोबा म्हणाले. "खोटं नाही सांगणार तुला. पण नाला पुढे अकरा गावांतून जातो. तिथे कदाचित अजून दोघंच आजारी असतील."

दुपारी साडेबाराला अकरा गावांना सूचना गेली.

संध्याकाळी पाच वाजून दहा मिनिटांपर्यंत आठ गावांची पोच आली होती. कुलूप एकाच गावात उघडलं होतं. गटारू उरलेल्या दहांना विचारतच होता. सुनंदाच्या रक्तातला ऑक्सिजन अठ्ठ्याऐंशी टक्के होता. पुढची नोंद सहा वाजता होणार होती.