राष्ट्राध्यक्षाच्या पायाशी असलेली कबर

दोष वेंडल मामाचा. म्हातारा आहे, रडतो, म्हणून घरातले सगळे गप्प बसतात. मी बसणार नाही. मी तिथे होतो.

मामाला अमेरिकेच्या माजी राष्ट्राध्यक्षांचं वेड. आधी त्यांचं राहतं घर बघायचं, मग कबर गाठायची, दगडावर हात ठेवून फोटो काढून घ्यायचा. फोटो ग्लेंडा मामी काढायची. बावीस वर्षं. शेवटचा एक उरला होता, आमच्या ओहायोतलाच. मामीचं हृदय कमजोर. डॉक्टरांनी बजावलं होतं, हिला थंडीत बाहेर काढू नका. मामा म्हणाला, "दहा मिनिटांचं तर काम!"

नोव्हेंबरचा दुसरा मंगळवार. घर बघण्यातच तीन तास गेले, कारण मामा गाईडलाच शिकवत बसला. कब्रस्तानात पोचलो तेव्हा पावणेसहा. काळोख. राष्ट्राध्यक्षाच्या उंच स्तंभाखाली झेंडे, लोकांनी ठेवलेली नाणी. पायाशी त्याच्या बायकोची शिळा, पानांखाली गाडलेली.

"मागे सरक, ग्लेंडा. स्तंभ पूर्ण यायला हवा."

"मागे हिची कबर आहे, वेंडल. हिच्यावर पाय देऊ?"

"दे की! नुसती बायको ती. तिला बघायला येतंय कोण?"

"मामा, जरा लाज वाटू दे," मी म्हणालो.

"कॉलेज अर्धवट टाकणाऱ्यांनी मला शिकवू नये."

मामीने शिळेवर पाय दिला नाही. कडेनेच कसाबसा फोटो काढला, आणि गुडघे टेकून पानं झाडायला लागली. "ड्रुसिला," तिने नाव वाचलं. "तुम्ही व्हा पुढे. मी हिच्याजवळ बसते जरा."

"बस मग!" मामा तणतणत गाडीकडे निघाला. मीही गेलो. थंडी फार होती.

गाडीत हीटर लावला. दहा मिनिटं झाली. वीस.

मामाने काच खाली केली. "ग्लेंडा!"

...

मग हसणं ऐकू आलं. बायकांचं. दोघींचं.

"तिच्याबरोबर कोण आहे, मामा?"

मामाने काच वर केली. "तू... तू बघून ये."

चव्वेचाळीस वर्षं संसार केलेला माणूस. उतरला नाही.

मी गेलो. मोबाईलच्या उजेडात. हसणं थांबलं.

पानसुद्धा हलत नव्हतं...

मामी स्तंभाला टेकून बसली होती. डोळे मिटलेले. हात बर्फ.

आणि अंगावर काळी लोकरीची शाल. आमची नव्हे. कापराचा वास येत होता. तान्ह्या बाळाला गुंडाळावं तशी घट्ट गुंडाळलेली. आणि उचलायला गेलो तर पाठीवर, जिथे स्वतःचा हात पोचत नाही तिथे, टाचणीने टाचलेली.

डॉक्टर म्हणाले, अर्धा तास आधी आणली असती तर वाचली असती.

एका फोटोपायी मामाने बायको घालवली.