अर्थ लागत नाही

माझा आवाज चढला तर चढू दे, पण ऐकून घ्या. ही गोष्ट आठवली की मला भीतीच्या आधी संताप येतो.

त्या दुपारी मालक दुरुस्त होऊन आलेला इंजिनाचा कॉम्प्युटर गोणपाटात गुंडाळून माझ्या वर्कशॉपात घेऊन आला. गोणपाटात! जसे काही बटाटेच. "पटकन बसव, संध्याकाळी गाडी भरायचीय," म्हणाला. ट्रक तोच, माझ्या दादाला उतारावरून दरीत घेऊन गेलेला; वर काढून, ठोकून-ठाकून आता माझ्याकडे उभा केलेला. मी नाही म्हटलं असतं, तर दुसऱ्या कुणीतरी तो कसातरी जोडला असता आणि आणखी कुणाचा तरी भाऊ गेला असता. म्हणून हो म्हणाले.

"उतारावर इंजिन बंद पडलं असणार," मी म्हटलं.

"कशावरून? शेवटच्या फोनवर तुझा भाऊच म्हणाला, 'मालक, अर्थ लागत नाहीये.' जीव नकोसा झाला असेल त्याला."

सासऱ्याचे ट्रक आयते मिळालेला हा माणूस! हेच त्यानं सगळ्यांदेखत वहिनीला सांगितलं होतं. तेव्हापासून तिला घास गिळवत नव्हता. पुतणी मला विचारायची, "आत्या, बाबांना आमचा कंटाळा आला होता का गं?" काय सांगणार होते मी त्या पोरीला?

मालक फोन कानाला लावून गेटाकडे गेला. मी बॅटरीची निगेटिव्ह तार सोडली आणि चुकून टेकू नये म्हणून फडक्यात बांधली. करंट चालू ठेवून प्लग लावला तर कॉम्प्युटर जळून जातो. दादा होता तेव्हा प्लगला हात लावण्याआधी तो केबिनमधून ओरडून विचारायचा, मी खालून उत्तर द्यायची. मग पुढचं काम. मी कॉम्प्युटरची पेटी बोल्टवर बसवली, प्लगच्या पिना पुसल्या.

"तार सुटली?"

"सुटली," मी सवयीनं म्हणाले... आणि मान वर करून पाहिलं.

केबिनमध्ये कुणीच नव्हतं. डिझेलच्या वासात खोकल्याच्या गोळ्यांचा वास मिसळला होता. दादा दिवसभर त्या चघळायचा.

"अर्थ... बघ ना..."

अगं बाई! चासीला, म्हणजे ट्रकच्या लोखंडी सांगाड्याला, जोडलेल्या तारेला आम्ही लायनीतली माणसं अर्थच म्हणतो की!

मी चासीखाली सरकले. कॉम्प्युटरची अर्थची तार कुणा शहाण्यानं जाड रंगावरच आवळली होती. रंगातून करंट जातो का? जरा धक्का बसला की कॉम्प्युटर बंद, इंजिन बंद, आणि उतारावर स्टेअरिंग दगडासारखं जड. दादा बिचारा हेच सांगत होता. मी बोल्ट काढला, तार तशीच लोंबती ठेवली आणि मालकाला हाताला धरून ओढत आणलं.

"हा बघा अर्थ! हा लागत नव्हता!"

"म्हणजे... वायर?"

"मग काय आयुष्य? स्वतःचा ट्रक कशावर चालतो ते ठाऊक नाही आणि मेलेल्या माणसाच्या तोंडी वाट्टेल ते घालता? लाज नाही वाटत? लावा वहिनीला फोन. आत्ताच्या आत्ता, माझ्यासमोर!"

त्यानं निमूटपणे लावला, स्पीकरवर. "ताई, तो अर्थ म्हणजे... माझी चूक झाली..."

"कळलं मला." वहिनी रडतही होती आणि हसतही होती. "आत्ताच ह्यांचा फोन येऊन गेला. म्हणाले, अर्थ लागला, आता जेवून घे."

मालकाच्या हातातून फोन गळून पडला.

मी वाकून चासीखाली पाहिलं. लोंबती सोडलेली तार बोल्टखाली घट्ट आवळलेली होती. भोवतीचा रंग खरवडून काढलेला, लोखंड चकचकीत. पाना लावून पाहिला, बोल्ट तसूभरही हलेना. बॅटरीची तार अजून फडक्यातच होती.

तेवढ्यात वर केबिनमध्ये किल्ली फिरल्याचा आवाज आला आणि इंजिन सुरू झालं...

किल्ली माझ्या खिशात होती.